दोरी माझ्या हातात होती

कुत्रं अंगावर येतं तेव्हा डोळस माणसाला आधी दात दिसत असतील. मला आधी नखं ऐकू येतात. डांबरावर खरखर करत ती जवळ येतात आणि एकदम थांबतात. आवाज येतो तोवर बरं असतं, कुत्रं कुठं आहे ते तरी कळतं. आवाज थांबला की पायातलं बळ जातं. आता ते डावीकडून येईल, मागून येईल की येणारच नाही, हे सांगणारं जवळ कुणी नसतं.

गेल्या थंडीत असंच झालं. परभणीत आमच्या घरापासून स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत साधारण ८०० पावलं आहेत. मी संगीत शिक्षक. शाळा दुसऱ्या गावाला, त्यामुळं सकाळची गाडी धरावी लागते. ही ८०० पावलं मला पाठ आहेत. आधी गिरणीपाशी पिठाचा वास, पुढं हातपंपाची ओल, मग मोकळी जागा, तिथं कानाला वारं लागतं, आणि वळणावर चिकनचं दुकान. त्या वळणावर कुत्र्यांचा मुक्काम असतो. रोज त्यांच्या बाजूनं जातो, कधी काही झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र एक कुत्री व्यालेली होती आणि तिची पिल्लं दुकानाच्या फळीखाली होती. हे मला नंतर कळलं. फळीखाली आधी गेली ती माझी काठी.

ती सरळ काठीवर आली. काठी म्हणजे माझी लांब झालेली बोटंच. तिचे दात नळीवर घासले ते मला मनगटात कळलं. मी काठी ओढली आणि तिथंच चुकलो. ओढल्यावर बाकीचीही उठली. चौफेर भुंकणं सुरू झालं आणि कुणीतरी मागून पोटरी धरली. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या बाई ओरडत आल्या, "दादा, काठी टाका! आधी काठी टाका खाली!"

मला ते चटकन पटेना. भर रस्त्यात काठी टाकायची म्हणजे डोळे काढून खाली ठेवायचे. पण टाकली. बाईंनी खराटा आपटला, हाड् हाड् केलं, आणि कुत्री मागं सरली. त्या म्हणाल्या, "काठीवालं माणूस दिसलं की त्यायला वाटतंय मारायलाच आलं."

त्यानंतर जखम नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं, सरकारी दवाखाना, तारखांप्रमाणे इंजेक्शनं, हे सगळं रीतसर झालं. पायाचं दुखणं गेलं, पण बाईंचं वाक्य मनातून गेलं नाही. आमच्या गावागावांत कुत्र्यानं पिढ्यान्‌पिढ्या काठी पाहिली ती पाठीत बसणारीच. माझी काठी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरते, नेमकी त्याच्या नाकासमोरून. पांढरा रंग माणसांना कळावा म्हणून दिलेला आहे. कुत्र्याला त्याचं काय?

त्याच आठवड्यात अंधशाळेतल्या जुन्या दोस्ताला फोन केला. आम्ही दोघं एका बाकावर बसून ब्रेल पाटीवर टोचायला शिकलो. तो पुढं शिकत शिकत इंग्लंडला गेला, आता लीड्सला कॉम्प्युटरचं काम करतो. मी झालेलं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "गड्या, तुझी काठी मोडली तरी दुसरी येईल. माझी हेझल मोडली होती."

हेझल म्हणजे त्याची गाईड डॉग, आंधळ्याला वाटेनं न्यायला शिकवलेली कुत्री, काळी लॅब्रॅडोर. तिच्या अंगावरच्या पट्ट्यांना लावलेला दांडा हातात धरून तो चालायचा. तिच्याविषयी तो नेहमी बोलायचा, पण ही गोष्ट त्यानं मला सांगितलेली नव्हती. कामावरून घरी येताना, बागेच्या कोपऱ्यावर, मोकळं सोडलेलं एक कुत्रं तिच्यावर धावून आलं. "हातातला दांडा एकदम पिरगळला," तो म्हणाला. "हेझल भुंकली नाही. तिला तसं शिकवलेलंच नाही. मला काय ओढावं, कुठं लाथ मारावी, काही कळंना. दोन कुत्री आहेत, त्यातलं माझं कुठलं, हेच हाताला समजत नव्हतं." कुणीतरी धावत येऊन दुसरं कुत्रं ओढून काढलं. हेझलचा कान फाटला होता, खांद्याला टाके पडले.

टाके भरले. पण महिन्याभरानं दोघं त्या कोपऱ्यावर आले आणि हेझल खाली बसली. त्यानं पुढं चलायला सांगितलं, ती उठली नाही. मग दुसऱ्या कोपऱ्यावरही बसायला लागली. लांबून भुंकणं ऐकलं तरी थरथर कापायची आणि तो थरकाप दांड्यातून त्याच्या हातात यायचा. प्रशिक्षक आले, पुन्हा शिकवून पाहिलं, काही महिने गेले. असं कुत्रं आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत काम करतं. हेझल पाचव्या वर्षी निवृत्त झाली. दुसरं कुत्रं मिळेपर्यंत वर्षाहून अधिक काळ हा काठीवर होता.

ही कुत्री तयार कशी होतात ते त्याच्याकडूनच मला समजलं. पिल्लू साधारण वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढतं. बाजार, बस, जिने, गर्दी, सगळ्याची सवय होते. मग प्रशिक्षकाकडे काही महिने खरं शिक्षण. फुटपाथ संपला की थांबायचं, माणसाच्या डोक्याला लागेल अशी फांदी असेल तर वळसा घ्यायचा, खड्डा टाळायचा. रस्ता माणसाला माहीत असावा लागतो, कुत्रा फक्त त्या रस्त्यानं सुखरूप नेतो. आणि सगळ्यात अवघड धडा असा की मालकानं "चल" म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर आज्ञा मोडायची. मला याचं फार अप्रूप वाटतं. आज्ञा कधी मोडावी हे शिकवायला किती धीर लागत असेल!

पण हे शिकवताना त्याच्याकडून काही काढूनही घेतलेलं असतं. दुसरं कुत्रं दिसलं तरी वळायचं नाही, भुंकायचं नाही, झोंबायचं नाही. शिवाय अंगावर पट्टे आणि पट्ट्याला धरलेला माणूस, म्हणजे पळायचीही सोय नाही. कुत्र्याच्या जातीला देवानं दिलेल्या दोन वाटा, भांडणं आणि पळणं, दोन्ही आपण बंद केल्या. माणसासाठीच केल्या. मग त्याच्या दातांच्या जागी कायद्याचे दात देणं हे माणसावरचंच देणं आहे.

इंग्लंडनं ते दिलं, पण उशिरा. आमच्याकडं म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. गाईड डॉगच्या बाबतीत जर्मनी खरोखर पहिली. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबर्गला अशा कुत्र्यांची शाळा निघाली. इंग्लंडमध्ये पहिली चार कुत्री १९३१ साली तयार झाली. तिथला धोकादायक कुत्र्यांविषयीचा कायदा १९९१ चा. त्यात मोकाट सुटलेल्या कुत्र्याचा मालक दोषी ठरायचा, पण त्या कुत्र्यापासून माणसाला इजा होईल अशी रास्त भीती असली तरच. कुत्र्यानं फक्त गाईड डॉगला फाडलं आणि माणसाला ओरखडाही आला नाही, तर प्रकरण उभं करणं कठीण जायचं.

२०१४ च्या दुरुस्तीत त्या कलमात "माणूस" या शब्दाशेजारी "सहाय्यक कुत्रा" आला. आता इंग्लंड आणि वेल्समध्ये एखाद्याच्या कुत्र्यानं अशा कुत्र्याला जखमी केलं किंवा मारलं, तर मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सार्वजनिक रस्त्यावरच नव्हे, खासगी जागेतही लागू आहे. दोस्ताच्या प्रकरणात कैद झाली नाही, आणि त्याला ती नकोच होती. मालकिणीला दंड झाला, भरपाई द्यावी लागली, आणि कुत्र्याला बाहेर नेताना साखळी व तोंडाला जाळी सक्तीची झाली. तो म्हणाला, "पैशाचं काय घेऊन बसलास. पोलिसानं जबाब लिहून घेताना तुमच्या कुत्र्याला कुठं लागलं असं नाही विचारलं. हल्ल्यानंतर तुम्ही घरी कसे पोचलात, असं विचारलं."

हे ऐकलं आणि मला मोत्या आठवला.

माझे डोळे एका दिवसात गेले नाहीत. आईवडील नात्यातले, मामाभाचीच्या घरातले. घरात दोघातिघांना हा आजार. आधी रातांधळेपणा, मग बाजूचं दिसणं कमी होत नळीतून पाहिल्यागत होणं, आणि विशीत सगळंच संपलं. लहानपणी दिवसा मला बऱ्यापैकी दिसायचं, दिवे लागले की काही नाही. आमचं शेत गावापासून दीड-दोन किलोमीटर. संध्याकाळी बाबा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर थांबायचे आणि मला घरी पाठवायचे ते मोत्यासोबत. मोत्या म्हणजे उंच, बारीक कमरेचा कुत्रा, कारवान या शिकारी जातीचं रक्त असलेला. आईनं त्याच्या गळ्यात एक घुंगरू बांधलेलं होतं. तो पुढं चालायचा, मी घुंगराच्या मागं. ओढ्यात उतरताना घुंगरू खाली जायचं, चढताना वर. मला वाट त्यावरून कळायची. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. मी मागं राहिलो की तो थांबायचा एवढंच. आई शेवटची भाकरी त्याच्यासाठीच थापायची, ती त्याला दिल्याशिवाय स्वतः जेवायला बसत नसे.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना शेजारच्या गावी आत्याकडं निघालो. मोत्याला नेलं. परक्या गावात तो हरवेल म्हणून मी त्याच्या गळ्यात दोरी बांधली. दोरीचं टोक मनगटाला दोन वेढे देऊन धरलं. कुत्रंही आपल्या गल्लीत वाघ असतं, हे मोठ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, पण ते माझ्या कुत्र्याला लागू होईल असं मनात आलं नाही. पोचेपर्यंत अंधार पडला. वेशीत तिथली कुत्री उठली. किती होती मला माहीत नाही. मोत्याला पळता येत होतं, कारवानाची जात ती, वाऱ्याला मागं टाकते. पण तो पळाला की दोरी ताणायची आणि ताणली की मी घट्ट धरायचो, कारण तो सुटला तर मी अंधारात एकटा. मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. घुंगरू वेड्यासारखं वाजत होतं. मग लोक कंदील घेऊन आले.

मोत्या चार दिवस जगला. पाचव्या दिवशी सकाळी बाबांनी बांधावरच्या लिंबाखाली त्याला पुरलं. मला कुणी रागावलं नाही. आई म्हणाली, "लेकरा, तुला काय दिसत होतं का?" पण दोरी माझ्या हातात होती. ती मी सोडली असती तर तो वाचला असता. आज पस्तीस वर्षं झाली, मनगटावर ते दोन वेढे मला अजून जाणवतात.

म्हणून दोस्ताच्या तोंडून "हातातला दांडा पिरगळला" हे ऐकलं तेव्हा मला लीड्सचा कोपरा दिसला नाही, आत्याच्या गावची वेस दिसली. माणसाला बांधलेल्या कुत्र्यावरचा हल्ला म्हणजे दोन कुत्र्यांचं भांडण आहे असं जो म्हणतो, त्यानं ती दोरी कधी धरलेली नाही.

दिवाळीनंतर दोस्त भारतात आला, दोन दिवस माझ्याकडं राहिला. पिशवीतून त्यानं एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. हेझलचा जुना हार्नेस. छातीवरून जाणारे चामड्याचे पट्टे, पाठीवरून वर आलेला ताठ दांडा, धरायला मूठ. हल्ल्यात खराब झाला म्हणून तो त्याच्याकडेच राहिला. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. मी पट्ट्यावरून बोट फिरवलं. खांद्याच्या जागी चामडं आत दबलेलं होतं. एक खड्डा, थोडं अंतर, दुसरा, आणि त्यांच्याखाली लहान-लहान दोन. सवयीनं बोट अक्षर शोधायला लागलं. दोस्त म्हणाला, "वाचलंस?" मी म्हटलं, वाचलं.

मग त्यानं मला अंगणात उभं केलं. पट्टा स्वतःच्या कमरेला अडकवला, मूठ माझ्या डाव्या हातात दिली आणि चालायला लागला. दोघंही आंधळे, पण अंगण माझ्या वडिलांचं, पायाखालचं. काठीनं चालताना मी आधी अडथळ्याला भेटतो आणि मग वळतो. इथं अडथळा आलाच नाही, नुसती मूठ डावीकडं झुकली आणि तुळशीवृंदावन बाजूनं निघून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी विचार न करता चाललो. दहा-बारा पावलं असतील. मला बोलता येईना.

मराठवाड्यात गाईड डॉग घेऊन चालणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. ऊन हे एक कारण आहेच, मे महिन्यात इथल्या डांबरावर कुत्र्याच्या तळव्यांचं काय होईल! पण ऊन सकाळ-संध्याकाळ टाळता येतं. मोठी अडचण प्रत्येक वळणावर बसलेली आहे. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचं म्हणजे गाईड डॉगला पाच टोळ्यांची हद्द ओलांडावी लागेल, तीही मान खाली घालून, न भुंकता. एक शिकवलेलं कुत्रं आणायचं आणि आठवड्यात त्याचा मोत्या करायचा, हे पाप कुणी करावं?

आपले कायदे मी मोबाइलवर वाचून घेतले, म्हणजे ऐकले. भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना मालकानं काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथंही धोका मोजायचा तो माणसाच्या शरीराचा. कलम ३२५ जनावराला मारणाऱ्या किंवा लुळं करणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण ते हेतू धरून केलेल्या कृत्यासाठी. म्हणजे २०१४ पूर्वी इंग्लंडच्या कायद्यात जी फट होती, तीच आपल्याकडे आजही आहे.

एका कायद्यानं मात्र मला थांबवलं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम ९२. दिव्यांग माणसाच्या अवयवाच्या, इंद्रियाच्या किंवा सहाय्यक साधनाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्याला, त्याची नासधूस करणाऱ्याला किमान ६ महिने आणि कमाल ५ वर्षं कैद आणि दंड. हे ऐकून मी उठून बसलो. कायदा करणाऱ्यानं इंद्रिय आणि साधन एका ओळीत मांडलं, हे फार मोठं काम केलं. माझी काठी कुणी मुद्दाम मोडली तर ती दांडकं मोडल्याची तक्रार राहत नाही, माझ्या चालण्यावर घाला ठरतो. आता याच ओळीत सहाय्यक कुत्रा स्पष्ट शब्दांत यावा, आणि "जाणूनबुजून" बरोबर मालकाचा निष्काळजीपणाही यावा, एवढंच माझं मागणं आहे. एस.टी.त माझ्यासोबतच्या साथीदाराला सवलत मिळते, म्हणजे साथीदार ही गोष्ट सरकारला समजते. चार पायांचा साथीदारही समजेल.

पण ३ वर्षं काय, १० वर्षं शिक्षा लिहिली तरी ती मालकाला होणार. चिकनच्या दुकानापाशी बसणाऱ्या कुत्र्यांना मालक कुठं आहे? लीड्सचा कायदा उचलून परभणीत ठेवला तरी आरोपीच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं? इथं उपाय रस्त्यावरच करावा लागेल. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की भटक्या कुत्र्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं. त्याच नियमांत खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून, येण्याजाण्याच्या वाटांपासून लांब, मुलं आणि ज्येष्ठांची वर्दळ कमी असेल तिथं असावी असं आहे. त्या यादीत पांढरी काठीही लिहिली जावी. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवा आणि परत तिथं सोडू नका, असा आदेश दिला. दिव्यांग माणसाची वाट याच ठिकाणांहून जाते, त्यामुळं मला त्याचा अर्थ नीट कळतो. मात्र कुत्री मारून टाका म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. ज्या नामदेवांची, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावल्याची गोष्ट आम्ही लेकरांना सांगतो, त्यांचं नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. आणि जिनं मला धरलं ती पिल्लांची आई होती. काठी तिच्या पिल्लांवर गेली होती.

आमच्या गल्लीतल्या काकू त्या कुत्र्यांना रोज संध्याकाळी भाकरी घालतात, बरोबर वळणावर. काही लोकांनी त्यांच्याशी भांडण काढलेलं होतं. मी भांडायला गेलो नाही, मोत्याची गोष्ट सांगायला गेलो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, मला वाटायचं तुम्हाला सगळं कळतंय, रोज बिनधास्त जाता की." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाकरी पाण्याच्या टाकीमागं घालायला सुरुवात केली. तिथून कुणाची वाट जात नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि काठी मागितली. टाकीमागं नेऊन त्यांनी ती जमिनीवर आडवी ठेवली आणि काठीच्या कडेनं भाकरीचे तुकडे मांडले. मी पाच-सहा हात लांब उभा. नखं आली, थांबली. मला घाम फुटला. मग हुंगण्याचा आवाज, काठीच्या टोकापासून मुठीपर्यंत सरकत आलेला, आणि भाकरी मोडल्याचा. काकू एकेकाचं नाव सांगत होत्या. ही चंपा, हिनंच तुम्हाला धरलं होतं. हा काळ्या, हा लंगडा.

रोज संध्याकाळी आता हेच चालतं. परवापासून काठी मी हातात धरून बसतो, टोक जमिनीला टेकवून. काल चंपाचा श्वास माझ्या बोटांवर आला, गरम आणि ओला. तांबडा तेवढा अजून जवळ येत नाही, भिंतीपाशी उभा राहून गुरगुरतो. काकू म्हणतात, त्याला अजून चार दिवस लागतील.